मिरगी: मशीन आणि गोळी

‘मेंदूत मशीन बसवलं की मिरगी जाते का?’ जळगाव-धुळ्याच्या भगिनी आम्हाला विचारतात. जात नाही, कमी होते. मेंदूच्या गाभ्यात, थॅलॅमसमध्ये, बारीक तारा बसवतात. छातीच्या कातडीखालच्या बॅटरीतून सौम्य करंट जातो. अमेरिकेतल्या ११० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी निम्म्याहून थोड्या अधिक जणांचे झटके निम्म्यावर किंवा त्याखाली आले. गोळ्या मात्र सुटत नाहीत, आणि खर्च लाखांत. दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तरच हा विचार.

दहापैकी सातांचे झटके गोळ्यांनीच थांबू शकतात. पण रिश्ता मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवण्यात, कांदा हुंगवण्यात आपल्याकडे वर्षं जातात. दुआ करावी, गोळीही द्यावी. रमजानआधी डोसच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. धुळे-जळगावात सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. जाताना झटक्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्यावा.