वार्धक्य शिकवावेच लागेल

म्हातारपण सगळ्यांनाच येते, ते विद्यापीठात जाऊन काय शिकायचे? वार्धक्यशास्त्राचे नाव काढले की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्यांत प्राध्यापक असतात, डॉक्टर असतात, संस्थांचे पदाधिकारी असतात. म्हणून हे आक्षेप उडवून न लावता एकेकाला उत्तर देणे भाग आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. वार्धक्यशास्त्र हा पदवीच्या वर्गात शिकवण्याचा विषय आहे, आणि मुंबईच्या मोठ्या संस्थांइतकाच तो नागपूरजवळच्या कामठीसारख्या गावातल्या महाविद्यालयात शिकवला गेला पाहिजे.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. आपल्याकडे लेक-सुना म्हाताऱ्यांचे करतात. हे शास्त्र परक्या देशांतले, ते आणाल तर वृद्धाश्रमांचे पेव फुटेल, असे म्हटले जाते. यातला परकेपणाचा भाग तर टिकतच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ हे एक स्वतंत्र अंग आहे. बालकांच्या चिकित्सेइतकेच ते जुने. राहिली घरची माया. ती खरी आहे, पण मायेलाही माहिती लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला कुणी तरी सांगावे लागते. आजोबा तेच तेच विचारतात, घरचा रस्ता चुकतात, तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घर गप्प बसते, आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात ओळखण्याची वेळ निघून जाते. शिवाय माया पुरली असती, तर संसदेला २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला नसता. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या माणसांपैकी जेमतेम १२ टक्क्यांना हा कायदा ठाऊक असल्याचे तीत दिसले. ज्यांच्यासाठी कायदा, त्यांच्यापर्यंत तो पोचवणारी माणसे आपण घडवलेली नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्हातारपण म्हणजे दुखणी, तेव्हा विषय डॉक्टरांचा. पदवीच्या पोरांचे तिथे काय काम? डॉक्टरांचे काम मोलाचे आहे यात वाद नाही. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये जराचिकित्सेचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, ही आपल्या देशाने टाकलेली मोठी उडी होती. पण म्हातारपण दवाखान्याच्या दारापाशी सुरू होत नाही. त्याची घडण आयुष्यभर चाललेली असते, आणि हे पाहायला कामठीइतके चांगले गाव शोधून सापडणार नाही.

१८२१ मध्ये कन्हानच्या काठी छावणी म्हणून हे गाव वसले. इथे फौजी आहेत, जे चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन तीस-चाळीस वर्षे पेन्शनवर जगतात. बिडी आणि हातमाग हे गावाचे जुने धंदे. त्यांतल्या हातांना निवृत्ती कधी ठाऊकच नव्हती. आसपास कोळशाच्या खाणी आहेत, तालुक्यातच कोराडीचे वीज केंद्र आहे. कायम कामगाराचे आणि ठेकेदाराच्या माणसाचे म्हातारपण एकाच फाटकातून बाहेर पडते, पण पुढे दोन वेगळ्या वाटांनी जाते. एकाच गावात इतक्या तऱ्हांनी माणसे म्हातारी होतात आणि प्रत्येक तऱ्हेमागे मजुरी, कायदा, जात, घर, बाईपण यांचा वेगळा हिशेब असतो. हा हिशेब स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही.

एकच गोष्ट घ्या. आयुष्यभर तेंदूपत्ता कातरून बिड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांची टोके झिजतात. वयाबरोबर कातडीवरच्या रेषा आणखी पुसट होतात. मग रेशनच्या दुकानात किंवा बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, नेट नाही. बँकेवाला म्हणतो, उद्या या. यात आजार कुठला? बाई धडधाकट आहे, तिचे पैसे मंजूर आहेत, आणि तरी ती रिकाम्या हाताने परतते. कातडी का झिजते हे जीवशास्त्र सांगेल, नियमात दुसरा मार्ग कोणता हे कायदा सांगेल, ती एकटीच का आली हे समाजशास्त्र सांगेल. तिन्ही एकत्र ठेवून प्रश्न सोडवणारे शास्त्र म्हणजे वार्धक्यशास्त्र. या बाईला डॉक्टरकडे पाठवणे म्हणजे तिला चुकीच्या दारात उभे करणे आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: हे शिकून पोराला नोकरी कुठे मिळेल? आज जाहिराती थोड्या आहेत, हे मान्यच करतो. पण पदे आधी आणि अभ्यास मागून, असा क्रम नेहमी नसतो. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, तेव्हा या देशात समाजकार्य हा पगारी पेशा म्हणून रुळलेला नव्हता. बारा वर्षांनी, १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. शिकलेली माणसे तयार होती, म्हणून कायदा कागदावर राहिला नाही. २००७ च्या कायद्यातही निर्वाह अधिकारी आणि समेट अधिकारी आहेत; न्यायाधिकरणापुढे वकिलाला मज्जाव आहे. म्हणजे बापलेकांत समेट घडवू शकेल, म्हाताऱ्याची बाजू समजून मांडू शकेल, असे माणूस कायद्यानेच मागितले आहे. ते तयार करणे विद्यापीठाचे काम आहे.

चौथा आक्षेप असा की आपला देश तरुण, ही घाई कशाला? २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. २०५० पर्यंत देशातले हे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. आज अठराव्या वर्षी वर्गात बसलेला मुलगा तेव्हा ऐन कर्तेपणात असेल आणि त्याचे आईवडील सत्तरीकडे झुकलेले असतील. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचे प्रमाण सात टक्क्यांवरून चौदावर जायला ११५ वर्षे लागली. त्यांना सवड होती, आपल्याला नाही. तरुण देशानेच हा अभ्यास आता करायचा, कारण उद्या म्हातारे होणारे आजचे तरुणच आहेत.

आता मंडन. मी मागतो ते मोठे भवन किंवा नवा विभाग नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि फील्ड प्रोजेक्ट यांची सोय आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने तीतच वार्धक्यशास्त्र बसवावे. अभ्यासक्रमात शरीराचे वय आणि मनाचे वय असावे, लोकसंख्या असावी, पेन्शन आणि वारसा असावा. केंद्राच्या लेखी ज्येष्ठ साठीला, श्रावणबाळ योजना पासष्टीला, एसटीचा मोफत प्रवास पंच्याहत्तरीला, असे का, याची चर्चा असावी. नागपूरचा उन्हाळाही असावा: वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून मे महिन्यात म्हाताऱ्यांना वेळ ठरवून पाणी द्यावे लागते. हे ज्ञान जीव वाचवणारे आहे.

आणि संशोधन इथल्या भाषांत व्हावे. स्मृतीची परदेशी चाचणी निरक्षर माणसाला लावली तर तो नसताना आजारी ठरतो. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी १९९५ च्या सुमारास वेगळी हिंदी चाचणी बांधावी लागली. कामठीत मराठी, हिंदी, उर्दू एका गल्लीत बोलल्या जातात. इथल्या विद्यार्थ्याने केलेले काम दिल्लीतल्या खोलीत बसून होणार नाही.

याच गावातल्या बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये, पस्तिशीतच ते गेले. मजुराचा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, हे त्यांनी त्या थोड्या वर्षांत दाखवून दिले. मजुराच्या म्हातारपणाचा प्रश्नही तसाच हक्काचा आहे, आणि हक्क मागायचा तर आधी त्याचा अभ्यास लागतो. तो अभ्यास टाळायचा असेल तर टाळणाऱ्यांनी सांगावे, की यंत्रावर अंगठा न उमटलेल्या बाईला उत्तर कोण देणार. तोवर माझी मागणी कायम आहे: येत्या शैक्षणिक वर्षापासून हा विषय पदवीच्या वर्गात यावा, आणि त्याची सुरुवात कामठीपासून व्हावी.