नैसर्गिक फसफसती वाइन: वायनरीत काम कमी, बागेत जास्त 🍇



खाण्याच्या द्राक्षाला भाव पडला की हमखास विचारणा होते, "सर, उरलेल्या मालाची ती फसफसणारी नैसर्गिक वाइन होईल का? त्यात काही घालावं लागत नाही म्हणे." माझं मत उलट आहे. त्यात काही घालत नाहीत, म्हणूनच उरलासुरला माल तिथे चालत नाही.

पद्धत जुनी आहे. रस आंबायला लागतो आणि साखर पूर्ण संपायच्या आत तो बाटलीत भरून बंद करतात. उरलेली साखर आतच आंबते, वायू कोंडतो, तोच फेस. विकतचं यीस्ट नाही, सालीवरचं आणि वायनरीतलंच काम करतं. त्यामुळे मालातला दोष नंतर झाकता येत नाही.

*बागेत काय सांभाळायचं?*
▪️ जात: नाशिककडे स्पार्कलिंगसाठी शेनिन ब्लाँ वापरतात. जीए देऊन फुगवलेलं खाण्याचं द्राक्ष वेगळं.
▪️ तोडणी: साध्या वाइनपेक्षा लवकर, साधारण १८-१९ ब्रिक्सला. आपल्या उन्हात आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून पहाटेच तोडा.
▪️ फवारणी: तोडणीजवळ गंधक मारलं तर वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. बुरशीनाशकाचा अंश राहिला तर यीस्ट मंदावतं.
▪️ कुजके मणी घडातून काढूनच माल भरा.

*घरी प्रयोग नको.* लिटरमागे २४ ग्रॅम साखर उरली तर बाटलीत कारच्या टायरच्या जवळपास तिप्पट दाब तयार होतो. साधी काच फुटते, डोळा जाऊ शकतो. शिवाय परवान्याशिवाय वाइन करून विकणं गुन्हा आहे.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. नारायणगावला १९८० च्या दशकातच शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन तयार होऊन परदेशात गेली. पण २००८ नंतर मागणी पडली आणि नाशिक पट्ट्यात अनेकांनी वाइनद्राक्षाच्या बागा काढून टाकल्या. खाण्याचं द्राक्ष मार्केटला जातं, नाहीतर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही.

म्हणून आधी लेखी करार, मगच लागवड. दर फक्त ब्रिक्सवर ठरवू नका. इथे माल मुद्दाम कमी ब्रिक्सला तोडतात, तोटा तुमचाच होईल. तोडणीचा दिवस कोण ठरवणार, पैसे किती दिवसांत मिळणार, हेही लिहून घ्या.

वायनरीचं जे काम वाचतं, ते तुमच्या बागेत वाढतं. त्याचे पैसे मागायला लाजू नका. सही करण्याआधी कागद कंपनीच्या ऑफिसला दाखवा.

– तुमचा कृषी सल्लागार