घरांतली कादंबरी

घरांत लग्न निघालें म्हणजे चार माणसें मदतीला धांवतात; घर बांधावयास काढलें म्हणजे शेजारीहि सल्ला देऊन जातात. परंतु घरांतील कोणी कादंबरी लिहावयास बसलें, तर तें काम पुरें होईपर्यंत घरच्यांना त्याची वार्ताहि नसते. गेल्या गणेशोत्सवांत आम्ही दाभोळास वडिलार्जित घरीं गेलों असतां आम्हांस हाच अनुभव आला. आमची पुतणसून शाळेंत शिक्षिका आहे. रात्रीं मागचें सारें आवरून झाल्यावर माजघरांत बसून तिनें सहा वर्षांत तीनशें पृष्ठें लिहिलीं. आगराविषयीं, आत्याबाईंविषयीं ती अधूनमधून आम्हांस कांहीं विचारी. तें कशाकरितां, हें आम्हांला तेव्हां कळलें.

वासिष्ठीच्या मुखावरचें हें बंदर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं लुटून जाळलें, हें इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतें. त्याच बंदरावरच्या घरांत काय घडलें, हें मात्र कोणी लिहून ठेवीत नाहीं. तें काम कादंबरीकाराचें. याच दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवीं १९१३ सालीं जन्मलेले श्री. ना. पेंडसे यांनीं मुंबईस बेस्टमध्यें नोकरी करीत असतां तें केलें. त्यांची पहिली कादंबरी 'एल्गार' १९४९ सालीं निघाली. परंतु तिच्या आठ वर्षें आधीं 'खडकावरील हिरवळ' हें व्यक्तिचित्रांचें पुस्तक त्यांच्या हातून लिहून झालें होतें. आधीं माणसें न्याहाळलीं, मग कथानकास हात घातला, हा क्रम नवख्या लेखकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ मध्यें 'पुणे वैभवां'तून क्रमशः आली. तेव्हां प्रकरण लिहून झालें कीं वाचकांपुढें जाई, आणि पुढचें लिहितांना मागच्याचा बोलबाला लेखकाच्या कानीं असे. आज पहिली कादंबरी लिहिणाऱ्यास ती सोय क्वचित् लाभते. वर्षानुवर्षें त्याचा श्रोता तोच, परीक्षकहि तोच. त्यामुळें हस्तलिखित प्रथम परक्याच्या हातीं पडतें, त्या दिवशीं त्याची खरी परीक्षा होते.

सूनबाईंच्या हस्तलिखिताचें असेंच झालें. प्रकाशकाकडील संपादकांचें चार पानी पत्र आलें. पहिलीं दोन प्रकरणें काढून टाकावीं, कथा आत्याबाई माहेरीं परत येते तेथूनच सुरू व्हावी. सगळीं पात्रें एकाच शिक्षिकेच्या भाषेंत बोलतात, त्यांना आपापली बोली द्यावी. जें प्रसंगांतून दिसतें तें पुन्हां निवेदनांत सांगूं नये. पत्र वाचून ती दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें स्वतःच्या हातानें चाळीस पृष्ठांवर काट मारली. समुद्राचें जें वर्णन तिला सर्वांत प्रिय होतें, तेंहि त्यांतच गेलें. पुढें ती आम्हांस म्हणाली, "काका, काढल्यावर कळलें, तें वर्णन मी स्वतःसाठीं लिहिलें होतें."

यानंतर करारपत्र आलें. या बाबतींत लेखकवर्ग, विशेषतः पहिलें पुस्तक छापलें जाणार या आनंदांत असलेला, फार गाफील असतो. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणें स्वामित्वहक्काचें हस्तांतरण लेखी व सहीनिशीं असावें लागतें. त्यांत मुदत लिहिलेली नसेल, तर ती पांच वर्षांची धरली जाते. म्हणून मुदत, स्वामित्वधनाचा दर, प्रतींची संख्या आणि भाषांतराचे हक्क हीं चार कलमें नीट वाचावीं. कित्येक ठिकाणीं छपाईचा खर्च लेखकाकडूनच मागतात. तेथें पुस्तक विकण्याचा उत्साह कोणाला किती राहील, याचा विचार आधीं करावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठीं अनुदानयोजना आहे, तिचीहि चौकशी करावी.

परंतु सूनबाई थबकली ती निराळ्याच कलमावर. पुस्तकांतील मजकुरानें कोणाची अब्रू गेल्यास जबाबदारी लेखकाची, असें तें कलम होतें. कादंबरीचा विषय आमची आत्या! तरुणपणीं वैधव्य आल्यावर ती माहेरीं परतली. सासरचें नारळी-पोफळीचें एक आगर तिच्याकडे आलें होतें. १९५६ च्या वारसाकायद्यानें विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनें बक्षीसपत्रानें तें आगर आपल्या भावांना, म्हणजे आमच्या वडिलांना व काकांना, देऊन टाकलें. त्याच आगरावर आम्हां भावंडांचीं शिक्षणें झालीं. कादंबरींत भाऊ निरक्षर बहिणीला फसवून सही घेतात. नांवगांव बदललें होतें. पण ज्यांनीं आमचें मागील दार पाहिलें आहे, त्यांच्यापुढें त्या बदलाचा काय उपयोग? विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' १९३४ सालीं आली, ती लेखिकेचें खरें नांव झांकून. तोहि विचार तिच्या मनांत येऊन गेला. शेवटीं तिनें ठरविलें कीं, घरच्या वडीलधाऱ्यांना ऐकविल्यावांचून सही करावयाची नाहीं.

गौरी-विसर्जनाच्या रात्रीं माजघरांत तिनें तें प्रकरण वाचलें. आमचे ऐंशी उलटलेले थोरले बंधु झोपाळ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "सूनबाई, आत्याला वाचतां येत नव्हतें, हें तुला कोणीं सांगितलें? रोज दुपारीं पोथी वाचणारी बाई ती. त्या दिवशीं मी उंबऱ्याशीं उभा होतों. तिनें कागद दोनदां वाचला, आणि मग सही केली." एवढें बोलून ते उठून आंत गेले.

ती माहिती तिला आम्हींच दिली होती! आम्ही तेव्हां अगदीं लहान. घरांत जें बोललें जाई तेंच खरें धरून चाललों, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांला सोयीचेंहि होतें. फसवणुकीचा दोष दोघां भावांवर येतो, आणि ते तर आज हयात नाहींत. परंतु दुसरा आसरा नाहीं हें ओळखून, सारें समजून-उमजून तिनें सही केली असेल, तर ज्यांनीं ज्यांनीं त्या आगराचें खाल्लें त्या सर्वांकडे तें बोट वळतें. आम्हांकडेहि वळतें.

संपादकांच्या चार पानी पत्रांत ही चूक नव्हती. ती असण्याचें कारणहि नव्हतें. भाषा, बांधणी, लांबी हें परक्याला दिसतें. पण घरचें खरें घरांतल्यांनींच सांगावें लागतें, आणि बहुधा तें सांगतो तो ज्याची आपल्याला भीति वाटते तोच.

छापावें कीं न छापावें, यावर थोरले बंधु हो म्हणाले नाहींत, नाहींहि म्हणाले नाहींत. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं "पुढचें प्रकरण?" एवढेंच विचारलें. सूनबाईनें प्रकाशकांकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि तें प्रकरण पुन्हां लिहिलें. तिची आत्याबाई आतां डोळे उघडे ठेवून सही करते. त्यानंतर तिनें करारपत्र दोनदां वाचलें, आणि स्वतःच्या नांवानें सही केली.

हें लिहीत असतां पुस्तकाचीं मुद्रितें दाभोळास आलीं आहेत. थोरले बंधु भिंग घेऊन तीं तपासतात, आणि ऱ्हस्वदीर्घापलीकडे कशालाहि हात लावीत नाहींत.