ढोलीचे मोल

श्रावकाच्या भोगोपभोग-परिमाण व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य मानली आहेत. ‘उपासकदशांग’ सूत्रातील या यादीत अंगारकर्मानंतर लगेच वनकर्म येते. म्हणजे वृक्षतोडीवर चालणारी उपजीविका. ज्यांची लाकडाची वखार नाही, त्यांच्याही घराची दारे बहुधा सागाचीच असतात, हा भाग वेगळा.

वखारीत भाव मिळतो तो सरळ, भरीव खोडाला. वनव्यवस्थापनाची जुनी रीतही याच हिशोबाची होती. कूप आखावे, विरळणी करावी, वाकडी, किडलेली, वाळलेली झाडे काढावीत आणि मोकळ्या जागी साग लावावा. असे वन हिरवे दिसते, झाडांची संख्याही भरते. नाहीशी होते ती ढोली.

सुतार पक्षी मेलेल्या, मऊ लाकडात ढोली कोरतो. तो निघून गेला की पोपट, मैना, पिंगळे तेथे संसार मांडतात, कारण ते सहसा स्वतः कोरत नाहीत. धनेशाला तर मोठ्या, जुन्या वृक्षातीलच ढोली लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवितो. अशा वेळी वृक्ष पडला, तर आतले कुटुंबच संपते. वृक्ष एकेंद्रिय, पिले पंचेंद्रिय; हिंसेचा हिशोब एका जीवावर थांबत नाही.

तोडीनंतर झुडपांत बुलबुलांसारखे पक्षी वाढतात. त्यामुळे किलबिल कमी झाल्यासारखी वाटत नाही आणि गेलेल्यांची उणीव सहज जाणवत नाही.

खानदेशातील रानपिंगळा 1884 नंतर खात्रीने कोणालाच सापडला नव्हता. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पुढे मेळघाटातही आढळला. सागाचे विरळ, पानगळीचे रान त्याला चालते. ढोलीवाचून मात्र त्याची वीण होत नाही.

प्रत्येक कूपात काही जुनी, पोकळ झाडे उभी राहू दिली, तर व्यापाराचे नुकसान फारसे नाही, कारण ती एरवीही सरपणाच्याच भावाने जातात. नवी लागवड त्यांची जागा घेऊ शकत नाही. नैसर्गिक ढोली पडायला वृक्ष म्हातारा व्हावा लागतो, आणि लावलेला साग त्याआधीच कापणीला येतो.