रेंज फुल, नेट गुल

होस्टेलच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एक मागणी ठरलेली : गच्चीवर मोबाईलचा उंच टॉवर बसवा. माझा त्याला विरोध आहे, आणि तो रेडिएशनच्या भीतीने नाही.

आपली तक्रार काय, तर रात्री फोनवर रेंज फुल दिसते, पण व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. सगळेच एकदम नेटवर बसतात, हे कारण आहेच. दुसरं कारण इंटरफिअरन्स. रेंजच्या रेषा मुख्यतः सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. शेजारच्या टॉवरचा गोंगाट त्यात किती मिसळलाय, ते नाही. टूजीमध्ये शेजारच्या सेलना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देतात. फोरजीत बहुतेक ठिकाणी सगळ्या सेलना एकच. म्हणजे गणपतीत एका चौकात दोन मंडळांचे कर्णे! तिथे आवाज वाढवून उपयोग नसतो, कर्णा खाली उतरवून आपल्या मांडवाकडे वळवावा लागतो.

अँटेनाचंही तसंच आहे. ३० मीटर उंचीवरच्या अँटेनाचा झोत ५०० मीटरवर जमिनीला टेकवायचा, तर तो साधारण साडेतीन अंश खाली झुकवायला हवा (अकरावीची त्रिकोणमिती, करून बघा). सरळ ठेवला की तो पलीकडच्या सेलमध्ये घुसतो. चहूकडे फेकणाऱ्या एका अँटेनाऐवजी १२० अंशांचे तीन पॅनेल लावतात तेही यासाठीच. पुस्तकातल्या सात सेलच्या रचनेत त्यामुळे त्रास देणारे जवळचे शेजारी सहाचे दोन होतात, सुमारे ४.८ डेसिबलचा फायदा, तोही पॉवर न वाढवता.

उंच टॉवर आपल्याच गच्चीवर आला, तर त्याचा झोत जाणार दूर, आणि तळमजल्यावर दिव्याखाली अंधार. त्यापेक्षा प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये कमी पॉवरचे छोटे सेल मागा. ज्या आरसीसीच्या भिंतींना आपण शिव्या घालतो, त्याच मग बाहेरचा गोंगाट अडवतील.

आणि हो, काही रूममध्ये गुपचूप लावलेले बूस्टर आधी काढा. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेतच, शिवाय सिग्नलबरोबर नॉइजही वाढवून टॉवरकडे पाठवतात. त्याचे दोन अँटेना जवळजवळ बसवले, तर पठ्ठ्या स्वतःच शिट्टी मारत बसतो आणि अख्ख्या विंगचं नेट जातं.

रेक्टर सरांना एक विनंती. कंपनीला पत्र लिहिण्याआधी फायनल इयरच्या ईअँडटीसीवाल्यांना दोन रात्री द्या. फोनवरच्या ॲपने प्रत्येक मजल्यावरचा एसआयएनआर मोजून नकाशा काढू आणि तो पत्राला जोडू.