भाडेकरार न पाहिलेली मुलं

धुळ्यात, देवपुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. सासऱ्यांनी त्या बांधल्या तेव्हा गावाकडची भाचे-पुतणे मंडळी शिकायला येतील, असा हिशेब होता. ती शिकली, पुण्याला गेली, आणि खोल्या भाड्याने देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी राहते जळगावात, महाबळला. पण जून-जुलैत धुळ्याची एसटी ठरलेली. पोराला घेऊन बाप जिना चढून वर येतो तेव्हा पुढची दहा मिनिटं काय बोलणं होणार, हे मला पाठ झालंय.

बाप खोली बघत नाही, आधी ओळख काढतो. ‘आम्ही साक्रीकडचे. तुमच्या गल्लीतले गुरुजी आमच्या मेव्हण्याचे व्याही.’ मग घरमालकाने आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, ‘बाहेरचं खाणंपिणं नाही ना?’ असं विचारायचं. त्यावर बाप म्हणतो, ‘पोरगा एकदम सरळ आहे हो ताई.’ एका महिन्याचं डिपॉझिट रोख हातात पडतं आणि व्यवहार संपतो. कागद नाही, पावती नाही. देवपूर घ्या, जळगावचा रिंग रोड घ्या, गणेश कॉलनी घ्या, शिरपूर घ्या. कॉलेजांच्या आसपासच्या खोल्या बहुतेक अशाच जातात. चार वर्षांचं इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या मुलाने तोवर भाडेकरार नावाचा कागद डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

आणि हाच मुलगा पुढे जर्मनीला जातो.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत 2022-23 पासून भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. 2023-24 च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या 49 हजारांच्या वर होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही, म्हणून खान्देशातल्या मध्यमवर्गाला जर्मनी परवडते असं वाटतं. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो एका खास खात्यात आधी भरून दाखवावे लागतात, आणि त्यातून महिन्याला 992 युरो हातात येतात. युरोला शंभर रुपये धरले तर महिन्याला जवळजवळ लाख रुपये. केळीचा भाव बघून वर्षाचं गणित मांडणाऱ्या घरात हा आकडा डोळे दिपवतो. पण म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधल्या एका खोलीचं सरासरी भाडं 800 युरोंच्या आसपास आहे, हे कन्सल्टन्सीच्या सेमिनारमध्ये कुणी बोलत नाही. तिथे रँकिंग सांगतात, व्हिसा सांगतात, पार्टटाइम नोकरी सांगतात. घराची पाळी आली की ‘हॉस्टेल मिळून जातं’ एवढं वाक्य. स्वस्त वसतिगृहं आहेत, नाही असं नाही. विद्यार्थी-सेवा संस्था ती चालवतात. पण तिथे प्रतीक्षा यादी असते आणि मोठ्या शहरांत ती सहा महिने, वर्षभर हलत नाही.

माझ्या दिरांचा मुलगा 2024 मध्ये स्टुटगार्टला गेला. त्याच्यामुळे हा सगळा कारभार मी जवळून पाहिला, आणि घरमालकीण असल्याने जरा जास्तच कान देऊन ऐकला.

तिकडचा घरमालक आडनावाआधी फाइल मागतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. ‘शुफा’ नावाचा पतदाखला, जो नुकताच विमानातून उतरलेल्या मुलाकडे असूच शकत नाही. आणि आधीच्या घरमालकाचं पत्र, की या माणसाकडे भाड्याची बाकी नाही. आमच्या पोराने जळगावात ज्या घरी चार वर्षं काढली, त्या काकांना त्याने फोन केला. काका प्रेमळ, दिवाळीला फराळाचा डबा देणारे. पण पत्राचं नाव काढताच म्हणाले, ‘बेटा, कागदावर तू आमच्याकडे राहिलेलाच नाहीस.’ घर भाड्याने दिल्याचं लिहून दिलं तर उद्या घरपट्टी वाढेल, ही त्यांची भीती. म्हणजे चार वर्षं पाच तारखेच्या आत भाडं भरलेल्या मुलाकडे ते सिद्ध करणारी एक ओळ नाही.

पुढचा फेरा आणखी विचित्र. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. नोंदणीशिवाय कर-क्रमांक येत नाही, राहण्याच्या परवान्याचं काम अडतं, बँकवालेही पत्ता विचारतात. म्हणून ‘खोली आहे, पण पत्ता नोंदवता येणार नाही’ अशा स्वस्तातल्या खोल्या नव्या मुलांच्या गळ्यात मारल्या जातात. इथल्या मुलाला त्यात खटकत काहीच नाही. बिनकागदाची खोली त्याला घरच्यासारखीच वाटते.

भाडंही दोन तऱ्हांचं. जाहिरातीत दिसतं ते ‘थंड’, म्हणजे नुसत्या भिंतींचं; हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई मिळवली की ‘गरम’. पोराने 450 वाचून हुरळून फोन केला तर प्रत्यक्षात 600 च्या घरात गेलं. अख्खा फ्लॅट घ्यायचा तर कित्येकदा त्यात स्वयंपाकघरच नसतं, ओटा-सिंकसकट आधीचा भाडेकरू उचलून घेऊन जातो. हे ऐकून माझ्या जाऊबाई तीन दिवस ‘ओटा नेतात?’ एवढंच विचारत होत्या.

शेअर फ्लॅटमध्ये निवड करतात ती आधी राहणारी मुलं. व्हिडिओ कॉलवर दोन मुली आणि एक मुलगा समोर बसले आणि विचारू लागले : किती वाजता झोपतोस, पाहुणे किती येतात, भांडी लगेच घासतोस का, स्वयंपाक काय करतोस. आमच्या पोराने अभिमानाने भरीत सांगितलं, गॅसवर वांगं कसं भाजायचं तेही हातवारे करून दाखवलं. धूर म्हटल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिकडच्या घरांत छताला धुराचं यंत्र सक्तीचं असतं आणि ते पहिल्या फोडणीलाही कोकलू शकतं. नकार दुसऱ्या दिवशी, फार नम्र भाषेत आला. पुढच्या कॉलला त्याने पास्ता सांगितला.

आता जे सांगायचंय ते फसवणुकीचं. अमळनेरकडच्या एका मुलाची हकिकत आहे. त्याच्या वडिलांनी मला मोबाइलवरचे मेसेज वाचायला दिले. तिकडे गेलेल्या मराठी मुलांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीची जाहिरात आली. फोटो झकास, भाडं बेताचं. या मुलाने विचारणा केल्यावर समोरच्याने पहिला प्रश्न केला तो अहिराणीत : ‘कोन गावना शेतस भाऊ?’ झालं. गाव निघालं, तालुका निघाला, मामाचं गाव निघालं. मग कळलं की दादा सध्या दुसऱ्या देशात प्रोजेक्टवर आहेत, खोली दाखवायला येऊ शकत नाहीत; दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियरने येईल. पैसे गेले. किल्ली आली नाही, आणि नंबर बंद.

घरमालक परदेशात आहे, आधी पैसे, मग किल्ली : ही फसवणूक जगभर जुनी आहे, युरोपातली विद्यापीठं तिच्याबद्दल विद्यार्थ्यांना बजावत असतात. या मुलालाही सूचना आलेली होती. मग तो का फसला? कारण तो देवपूरच्या जिन्यावर जे शिकला होता तेच त्याने तिथे केलं. गाव जुळलं, भाषा जुळली, विश्वास बसला. करार कुठाय, घर त्या माणसाच्या नावावर आहे का, पाहिल्याशिवाय पैसे का द्यायचे, हे प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. जर्मन कायद्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. ज्याने आयुष्यात कधी डिपॉझिटची पावती मागितली नाही, तो असा हक्क कुठून बजावणार?

लग्नाच्या पंगतीत तिकडच्या घरांचा विषय निघाला की लगेच ‘गोरे लोक आपल्याला घर देत नाहीत’ सुरू होतं. खोटं नाही ते. 2017 मध्ये तिथल्या पत्रकारांनी जर्मन आणि परदेशी नावांनी सुमारे 20 हजार अर्ज पाठवून पाहिले होते. तुर्की आणि अरबी नावांना घर बघायला बोलावणं स्पष्टपणे कमी आलं. भेदभावाविरुद्ध कायदा 2006 पासून आहे, पण पन्नासपेक्षा जास्त घरं भाड्याने न देणाऱ्या मालकाला त्यात काही बाबतींत सूट आहे. तीन खोल्यांवाली माझ्यासारखी तिकडेही थोडी मोकळी.

पण पंगतीत जे बोलतात त्यांच्याच घरावर ‘फक्त फॅमिली, फक्त शाकाहारी’ अशी पाटी असते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत असाच प्रयोग केला, 2015 मध्ये तो छापून आला. फोनवर सवर्ण नावाला एकही नकार नाही. दलित नावांना नकार, मुस्लिम नावांना त्याहून जास्त. न्यूयॉर्क-लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 मध्ये बडोद्यात पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावं लागलं आणि काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने तिथूनही हाकललं. आमच्या चाळीसगावात 1929 मध्ये टांगेवाल्यांनी त्यांना बसवून घ्यायला नकार दिला होता. जर्मन मालकाच्या फाइलीत निदान काय भरायचं ते माहीत असतं. सहा महिने नोकरी केली की पगाराच्या स्लिपा येतात, वर्षभरात पतदाखलाही उभा राहतो. आडनाव विचारणाऱ्या मालकापुढे कोणता कागद ठेवायचा?

म्हणून मला पालकांना सांगावंसं वाटतं की कोर्स निवडताना शहराचं भाडं आधी बघा. केम्निट्झसारख्या शहरात, जिथे विद्यापीठ आहे आणि खोल्या स्वस्त आहेत, तिथे 992 युरोंत मुलगा नीट जेवू शकतो. म्युनिकमध्ये तो बापाला फोन करणार. आणि इथल्या कॉलेजांनी प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर फोटो लावण्याबरोबरच बाहेर गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची खात्रीची यादी ठेवावी. खोली प्रत्यक्ष बघून यायला तिथे एक माणूस असला तरी किल्लीचं कुरियर चालत नाही.

पण मुख्य काम आपल्या जिन्यावरचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा; जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ही नोंदणी आता आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होते. मी ती करते, देवपुरातल्या एका खोलीसाठीसुद्धा, आणि गल्लीत मला ‘कलेक्टरीण’ म्हणतात. अडचण खरी आहे ती पैशांची. मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते किरकोळच. पण महापालिका हद्दीत नोंदणी फी सरसकट 1000 रुपये. एजंटाचे वेगळे. तीन-चार हजारांच्या खोलीला आणि तीस हजारांच्या फ्लॅटला एकच फी असेल, तर धुळ्या-जळगावचा मालक कागदाच्या वाटेला जाणार नाही. विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी सरकारने ही फी माफ करावी, निदान शंभरावर आणावी. घरपट्टीची भीतीही पालिकेने काढायला हवी : शिकणाऱ्या मुलाला एखादी खोली दिली म्हणून कर वाढणार नाही, असं लेखी जाहीर करावं.

मालकांची शेवटची सबब असते की कागद केला तर भाडेकरू घर बळकावतो. उलट आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलला नाही तर याच कायद्याचं कलम 24 मालकाला जागा परत मिळवून देतं आणि तोवरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने वसूल करू देतं. शेजारच्या नानांना मी हे वाचून दाखवलं. ‘दुप्पट?’ म्हणाले, चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि साक्षीदार किती लागतात ते विचारून गेले.