वाट कोणतीही असो, काटा चोख हवा



पुढारी सभेत आपली वाटचाल सांगू लागले की आपण कान देऊन ऐकतो. ऐकावंच. २००४ पासून येवल्यातून आमदार म्हणून निवडून आलेले श्री. छगनराव भुजबळ एके काळी मुंबईत भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत. १९८५ साली ते त्याच मुंबईचे महापौर झाले. प्रवरेच्या कारखान्यात १९५० साली गळीत सुरू झालं, ते शाळा थोडकीच शिकलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या धडपडीतून. त्याचे पहिले अध्यक्ष मात्र अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ. शेतकरी आणि प्राध्यापक एका बैठकीवर बसले, म्हणून सहकार उभा राहिला.

तेव्हा संचालक निवडताना ‘शिकलाय किती, घराणं कोणतं’ एवढंच आपण पाहू नये. ‘मी लई हाल काढले’ एवढ्यावर भुलूही नये. त्या हालातून काय शिकलात, ते वार्षिक सभेत उभं राहून विचारावं. भाजीच्या तागडीवर बसलेल्याला मापाची किंमत कळते. ती उसाच्या वजनकाट्यावर दिसली पाहिजे. काटा चोख आणि पेमेंट वेळेवर, मग वाटचालीची गोष्ट आम्ही पुन्हा आनंदानं ऐकू.